आधी आग ओळखा, मग गोडंबी चाखा

मेहकरच्या बाजारात एखाद्या दुकानासमोर उभे राहा आणि आधी दाराच्या चौकटीकडे पाहा. तिथे लिंबू-मिरचीची माळ लटकलेली असते. तीत बऱ्याचदा काळा कुळकुळीत, चपटा, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा एक दाणाही ओवलेला असतो. तो बिबा. आता आत जा. दुकान किराण्याचं किंवा सुक्यामेव्याचं असेल, तर खारीक-खोबऱ्याच्या शेजारी एखाद्या बरणीत पांढुरके, चपटे, नखाएवढे दाणे दिसतील. ती गोडंबी. दृष्ट लागू नये म्हणून ज्याला दाराबाहेर टांगलं, त्याच्याच पोटातला हा गर बाळंतिणीच्या लाडवात पडतो.

जमत आलेल्या कामात कुणी खोडा घातला, की आपण 'बिब्बा घातला' म्हणतो. हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही. बिब्याचं तेल अंगाला लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, खाजेनं झोप उडते. वऱ्हाडात याला 'बिबा उतणं' म्हणतात. त्यामुळे गोडंबी पहिल्यांदाच खाणाऱ्याच्या मनात थोडी भीती असते आणि ती असावीच. पण भीतीपायी एक चांगला, आपल्याच मातीतला मेवा टाकून देण्याचंही कारण नाही. मेहकरच्या बालाजीच्या दर्शनाला किंवा लोणारचं सरोवर पाहायला या बाजूला येणारे पाहुणे हल्ली "ते गोडंबी का काय म्हणतात, ते घ्यावं का?" असं विचारतात. त्यांच्यासाठी, आणि आजीच्या हातचे लाडू आठवणाऱ्या पण गोडंबी स्वतः कधी न आणलेल्या इथल्याच लेकी-सुनांसाठी हा लेख.

झाड जुनं, काजू पाहुणा

बिबा हे पानगळीच्या रानातलं झाड. मेहकरपासून उत्तरेकडे अजिंठ्याच्या रांगा चढू लागलं की साग, धावडा, सालई, मोह, पळस यांच्या संगतीत ते भेटतं. पानं मोठी, हातभर लांबीचीही असतात आणि फांद्यांच्या टोकांशी दाटीनं येतात. हिवाळ्यात फळ धरतं. फळाची ठेवण पाहिली की काजू आठवतो. वर मांसल, पिकल्यावर पिवळं-केशरी होणारं बोंड आणि त्याच्या टोकाला चिकटलेली काळी बी. हे साम्य योगायोगाचं नाही. बिबा, काजू, आंबा, चारोळी आणि पिस्ता ही सगळी एकाच कुळातली झाडं. पुढे सावधगिरीचं बोलू, तेव्हा हे नातं पुन्हा लागणार आहे.

या कुळात आपल्याकडे काजूचा मान मोठा, पण वयानं बिबा थोरला. काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्याकडे आणला. बिबा इथलाच. संस्कृतात तो भल्लातक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनांच्या अध्यायात त्याचे कल्प दिलेले आहेत आणि त्याच्या तीक्ष्णपणाची तुलना थेट अग्नीशी केली आहे. त्याची दुसरी नावंही बोलकी आहेत. अग्निमुख, म्हणजे ज्याच्या तोंडात आग आहे तो. अरुष्कर, म्हणजे व्रण करणारा. गंमत अशी, की युरोपातले जुने औषधविक्रेते हृदयाच्या आकारामुळे बिब्याला 'अ‍ॅनाकार्डियम' म्हणत. पुढे वनस्पतिशास्त्रात हे नाव काजूला गेलं आणि बिब्याला मिळालं 'सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम'. सेमेकार्पस म्हणजे खुणेचं फळ.

ही खूण परटाची. बिब्याला टाचणी टोचून तिच्या टोकानं कपड्यावर निशाणी करायची आणि वर चुना लावायचा. मग ती काळी खूण कितीही धुतली तरी जात नसे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर विचित्र पुरळ उठू लागलं. तपास केला, तेव्हा जिथे कपड्यावर परटाची खूण तिथेच अंगावर पुरळ, असं दिसलं. 1943 साली त्यावर अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात लेखही आला. धुऊन वाळवलेल्या कापडावरचा एवढासा ठिपका सैनिकाला जेरीस आणतो, यावरून त्या तेलाची ताकद ओळखावी.

आग कुठे, गोडवा कुठे

बिब्याचं टरफल उभं चिरलं तर त्याच्या जाडीत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसतात. त्यांत दाट तेल भरलेलं असतं. ताजं असताना ते तपकिरी असतं आणि हवा लागली की काळं पडतं. सगळी आग या तेलात. त्यातली फिनॉलवर्गी द्रव्यं कातडीत शिरतात आणि शरीर त्यांच्यावर उलटतं. काजूच्या टरफलातला चीक हात पोळतो, तोही याच जातीच्या द्रव्यांमुळे.

या टरफलाच्या आत पातळ तपकिरी सालीत गुंडाळलेला पांढरा गर असतो. तीच गोडंबी. गरात ती आग नसते. बिबा फोडताना टरफलातलं तेल गराला लागलं, तरच ती येते. म्हणून गोडंबी खायची की नाही याचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं. दाणा टरफलातून स्वच्छ निघाला का?

मी एकदा मेहकर तालुक्यातल्या एका वस्तीवर बिबे फोडताना पाहिले आहेत. उन्हात कडक वाळवलेल्या बिब्यांचा ढीग, समोर सपाट दगड, हातात लहान हातोडी. बाईंनी आधी दोन्ही हातांना राख चोळली. मग एकेक बिबा दगडावर धारेवर उभा धरून बेतानं ठोका मारला. ठोका हलका पडला तर टरफल उकलत नाही, जोरात पडला तर गराचा चुरा होतो आणि त्यात तेल मुरतं. एका बिब्यातून एकच दाणा. तो नखानं उचलून एका सुपात. डाग लागलेला असेल तर वेगळ्या वाटीत. मी जवळ सरकलो तशा त्या म्हणाल्या, "पाहा भाऊ, पन हात नोका लावू. उतलं तं रातभर निजू देत नाही." त्यांचे तळहात काळे पडले होते आणि बोटांच्या पेरांवर कातडी तडकली होती.

म्हणून पहिला नियम. बिबे घरी आणून फोडू नका. यूट्यूबवर पाहून नाही, हातमोजे घालून नाही, 'आमच्या आजी फोडायच्या' म्हणूनही नाही. आजींना ती सवय होती आणि त्यांचेही हात उतत होतेच.

विकत घेताना

गोडंबीचा खरा हंगाम थंडीचा. नवा माल तेव्हाच येतो आणि लाडवांचीही तीच वेळ. भाव काजू-बदामाच्या पंगतीतला असतो, त्यामुळे पहिल्या खेपेला शंभर ग्रॅमच घ्या. घेताना पुढच्या गोष्टी पाहा.

- रंग. दाणा पांढुरका किंवा सायीसारखा पिवळसर हवा. गर उजळ असेल, तर पातळ तपकिरी साल थोडी चिकटलेली चालते.
- डाग. काळा, चकचकीत किंवा तेलकट ठिपका असलेला दाणा नको. तपकिरी साल कोरडी आणि निस्तेज दिसते, तेलाचा डाग गडद आणि ओलसर दिसतो. हा फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही, दुकानाबाहेर उजेडात पाहा.
- टरफलाचे तुकडे. बरणीच्या तळाशी काळा चुरा दिसला तर तो माल सोडून द्या.
- अख्खा दाणा. तुकडा गोडंबी स्वस्त मिळते, पण तुकड्यांत डाग लपतात. निदान पहिल्यांदा तरी अख्खीच घ्या.
- वास. ताज्या गोडंबीला मंद, दुधाळ वास असतो. नाकाला खवट लागली तर ती जुनी.
- पाकीट. बंद पाकीट घेत असाल तर त्यावरचा चौदा अंकी अन्नपरवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख पाहा. सुटी घेत असाल तर "यंदाची आहे का?" हा प्रश्न विचाराच.

दुकानदाराच्या हातावरचा दाणा लगेच तोंडात टाकू नका. सुक्यामेव्याच्या दुकानात चव पाहण्याची आपल्याला सवय असते, पण हा मेवा निवडल्याशिवाय खाण्याचा नाही.

घरी आणल्यावर

पांढऱ्या ताटात किंवा पांढऱ्या कागदावर गोडंबी पसरा आणि खिडकीपाशी बसून दाणा न् दाणा निवडा. तांदूळ निवडताना आपण खडा शोधतो, इथे काळा ठिपका शोधायचा. निवडताना हातात पातळ मोजे असले तर उत्तम. डोळे, ओठ चोळू नका आणि झालं की साबणानं हात धुवा. डागाळलेला दाणा 'तेवढा भाग खरवडून घेऊ' म्हणत ठेवू नका, टाकून द्या. तुपात परतला किंवा पाण्यात भिजवला तरी डाग निरुपद्रवी होत नाही, उलट तेल बाकीच्या दाण्यांना लागतं.

निवडलेली गोडंबी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं कोरडी शेकून घ्या. रंग बदलेपर्यंत नको, नुसती गरम होईपर्यंत. शेकलेल्या दाण्याची चव खुलते आणि ओल गेल्यानं तो टिकतोही. गार झाल्यावर काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. गोडंबीत तेल भरपूर, त्यामुळे ती बाहेर लवकर खवट होते. दोन-तीन महिन्यांत संपवावी.

पहिला घास

चव पाहायला दुपारची वेळ निवडा. रात्री उशिरा नको, काही झालं तर लक्ष राहत नाही. पोट अगदी रिकामं नसावं.

एक स्वच्छ दाणा घ्या आणि दातानं त्याचे दोन तुकडे करा. अर्धा बाजूला ठेवा, अर्धा सावकाश चावा. सुरुवातीला फारसं काही कळणार नाही. गोडंबी काजूसारखी लगेच गोड लागत नाही. चावत गेलं की आधी बदामाचा कोरडेपणा, मग खोबऱ्यासारखा स्निग्धपणा आणि सगळ्यात शेवटी मागे रेंगाळणारी हलकी गोडी. माझ्या जिभेला ती चारोळी आणि पिस्ता यांच्या मधोमध वाटते. नावात 'गोड' आहे म्हणून मिठाईची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. ही गोडी दुधाच्या सायीच्या जातीची आहे.

जीभ चरचरली, ओठ चुणचुणले किंवा घशात खाज आली तर घास थुंका, खळखळून चूळ भरा आणि तिथेच थांबा. काहीच वाटलं नाही तर उरलेला अर्धाही खा, पण त्या दिवशी तेवढंच. या तेलाची प्रतिक्रिया लगेचच येते असं नाही, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीही पुरळ उठू शकतं. तीन दिवस काही झालं नाही, की मग तीन-चार दाणे. रोजच्या खाण्यात चार-पाच दाणे पुष्कळ झाले. जुनी माणसं गोडंबी 'गरम' म्हणतात आणि उन्हाळ्यात टाळतात.

कुणी लांब राहावं

आंब्याच्या चिकानं ज्यांच्या तोंडाला फोड येतात, काजू किंवा पिस्ता ज्यांना सोसत नाही, त्यांनी गोडंबीच्या वाटेला जाऊ नये. वर सांगितलेलं कुळाचं नातं इथे आडवं येतं. एकदा बिबा उतलेला माणूसही याच यादीत येतो, कारण शरीर त्या तेलाची ओळख विसरत नाही आणि पुढच्या वेळी थोड्याशा डागानंही जास्त उलटतं. दमेकरी, अंगावर वारंवार गांधी उठणारे आणि गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. पाच वर्षांखालच्या मुलांना कुठलाही अख्खा सुकामेवा देऊ नये, घशात अडकतो. बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती पाळताना बाईंनी गोडंबी आधी खाल्ली आहे ना, हे विचारून घ्या. पहिली चव पाहण्याची वेळ बाळंतपणाची नव्हे.

आणि एक घोटाळा कायमचा मिटवून टाका. गोडंबी हे खाणं आहे, बिबा हे औषध आहे आणि कच्चा बिबा हे विष आहे. आयुर्वेदात बिबा विटेच्या भुकटीत घोळून, दुधात वा नारळाच्या पाण्यात शिजवून शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. औषधे नियम, 1945 यांच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत भल्लातकाचं नाव आहे. सांधेदुखीवर कुणी बिबा तुपात तळून गिळायला सांगितला, पोटदुखीवर बिब्याचा डाग द्यायला सांगितला, भेगांवर तेल लावायला सांगितलं, तर हात जोडा आणि नाही म्हणा.

लाडवांचं प्रमाण

गोडंबीची खरी जागा लाडवात. गूळ-तुपात तिचा कोरडेपणा जातो आणि मागची गोडी पुढे येते. मध्यम आकाराच्या तीस-पस्तीस लाडवांसाठी असं प्रमाण घ्या.

खारीक पूड 250 ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं 250 ग्रॅम, गोडंबी 100 ग्रॅम, डिंक 100 ग्रॅम, खसखस 50 ग्रॅम, चिरलेला गूळ 400 ग्रॅम, साजूक तूप साधारण 250 ग्रॅम आणि चवीला जायफळ-वेलची.

तूप तापवून डिंक थोडा थोडा तळा, फुलला पाहिजे. गार झाला की वाटीच्या बुडानं चुरा. त्याच तुपात गोडंबी मंद आचेवर परता आणि भरड कुटा. मिक्सरला पीठ केलं तर तेल सुटतं आणि लाडू चिकट होतो, म्हणून खलबत्ताच बरा. खोबरं आणि खसखस वेगवेगळी कोरडी भाजा, खारीक पूड चमचाभर तुपात परता. उरलेल्या तुपात गूळ नुसता विरघळू द्या, पाक करू नका. सगळं एकत्र करून गरम असतानाच वळा. सकाळी एक लाडू आणि वर कपभर दूध, एवढं पुरे.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी शंभरऐवजी पन्नास ग्रॅम गोडंबी आणि पन्नास ग्रॅम बदाम घेतले तरी हरकत नाही. लाडू खायला देताना त्यात गोडंबी आहे हे पाहुण्यांना सांगायला विसरू नका. गोड खाण्यापेक्षा रस्सा आवडणाऱ्यांनी मूठभर गोडंबी भिजवून, वाटून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घालून पाहावी. काजूची पेस्ट घालतो तशीच, पण रस्सा जास्त खमंग होतो.

बिबा उतला तर

सावध राहूनही कधी तेल लागतंच. माळ बांधताना बिबा दबतो, लहान मूल रस्त्यात पडलेल्या माळेतला बिबा उचलतं. अशा वेळी:

1. चोळू नका. कोरड्या फडक्यानं तेल टिपून घ्या आणि ते फडकं टाकून द्या.
2. साबण लावून भरपूर गार पाण्यानं लगेच धुवा. पहिल्या काही मिनिटांत धुतलं तर बराचसा त्रास टळतो. नखांखालीही धुवा.
3. अंगावरचे कपडे बदला आणि वेगळे धुवा.
4. धुऊन झाल्यावर खोबरेल तेल लावायला हरकत नाही, आपल्याकडे तोच उपाय चालत आला आहे. पण न धुता तेल लावलं तर बिब्याचं तेल त्यात मिसळून आणखी पसरतं.
5. फोड फोडू नका. चेहरा, डोळे किंवा नाजूक जागी लागलं, सूज वाढली किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

दृष्ट काढून झाली की बिब्याची माळ चुलीत टाकण्याची सवयही सोडा. त्या धुरात तेच तेल असतं आणि ते चेहऱ्यावर, डोळ्यांत, श्वासात जातं.

थंडी पडली की मेहकरच्या बाजूला या. शंभर ग्रॅम गोडंबी घ्या, उजेडात पारखा, घरी निवडा आणि अर्ध्या दाण्यापासून सुरुवात करा. विकणारी बाई स्वतः बिबे फोडणारी असेल, तर दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. वस्तीवरच्या त्या बाईंचे हात मी जवळून पाहिले आहेत.